सेंटिनेलचा किनारा आणि सुवार्तेचा अधिकार

अंदमानचे नाव काढले की महाराष्ट्रातील कोणाही वाचत्या माणसाच्या डोळ्यांपुढे सेल्युलर जेलच्या कोठड्या व तेलाचा कोलू उभा राहतो. विनायकराव सावरकर १९११ साली तेथे नेले गेले आणि १९२१ साली परत आणले गेले. तेव्हापासून हे काळे पाणी आमच्या घरचेच झाले आहे. परंतु कैद्यांची पहिली गलबते १८५८ साली तेथे लागली त्यापूर्वी ही बेटे कोणाची होती, आणि त्या मूळच्या धन्यांचे पुढे काय झाले, हा प्रश्न आमच्याकडे क्वचितच कोणी विचारतो. एका परदेशी तरुणाने हा प्रश्न आपल्या प्राणांचे मोल देऊन जगापुढे आणला. त्याची चर्चा त्या वेळी पुष्कळ झाली. परंतु चर्चा करणाऱ्यांपैकी बहुतेकांस त्या किनाऱ्यापेक्षा आपापल्या घरच्या भांडणाचीच गोडी अधिक होती, असे आम्हांस तेव्हाही वाटले व आजही वाटते.

हकीकत थोडक्यात अशी. जॉन अ‍ॅलन चाऊ हा २६ वर्षांचा अमेरिकन तरुण २०१८ सालच्या ऑक्टोबरात प्रवाशाचा परवाना घेऊन पोर्ट ब्लेअरला उतरला. (ह्या शहरास २०२४ पासून सरकारने श्री विजयपुरम हे नाव दिले आहे.) तेथून पश्चिमेस सुमारे ५० किलोमीटरांवर उत्तर सेंटिनेल नावाचे ६० चौरस किलोमीटरांच्या आसपासचे बेट आहे. त्यावर राहणारे लोक बाहेरच्या मनुष्यमात्रास बाणांनी परतवितात. कायद्याने तेथे कोणासही जाता येत नाही. चाऊने किनाऱ्यावरील कोळ्यांस २५ हजार रुपये देऊन रात्रीच्या वेळी गस्त चुकवून तेथवर नेण्यास राजी केले, आणि १५ नोव्हेंबरला एका लहान होडीतून, मासळी व भेटवस्तू घेऊन, तो एकटा किनाऱ्याकडे गेला. त्याने स्तोत्रे म्हटली, येशूचे नाव घेतले. एका मुलाने सोडलेला बाण त्याच्या हातातील बायबलात घुसला. तो पोहत कोळ्यांच्या नावेकडे परत आला, रोजनिशी लिहिली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला. १७ तारखेच्या सकाळी कोळ्यांस त्याचे प्रेत वाळूत पुरले जात असताना दुरून दिसले.

ह्यावर आमच्याकडे दोन तऱ्हेचे उद्गार निघाले. कोणी त्यास हुतात्मा म्हटले; तर कोणी, विशेषतः स्वधर्माभिमानी म्हणविणाऱ्यांनी, ‘बरे झाले, खोड मोडली’ म्हणून टाळ्या पिटल्या. ह्या दुसऱ्या मंडळींस आम्हांस प्रथम इतकेच सांगावयाचे आहे की, तो बाण हिंदुधर्माच्या रक्षणार्थ सुटलेला नव्हता. तुम्ही उद्या सत्यनारायणाचा प्रसाद घेऊन त्या वाळूवर उतरलात तरी तुमचेही स्वागत त्याच धनुष्याने होईल. तरुण मनुष्याच्या मरणाने हर्षित होणे हे तर कोणत्याच धर्माचे लक्षण नव्हे.

चाऊ वेडा नव्हता आणि चोरही नव्हता. तो ज्या विचाराचे अपत्य होता तो विचार नीट समजून घेतल्यावाचून त्याच्या कृत्याचा न्याय करता येणार नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या शेवटी सर्व राष्ट्रांत जाऊन शिष्य करण्याची जी आज्ञा आहे, ती केवळ पहिल्या बारा शिष्यांपुरती होती की आजच्या प्रत्येक ख्रिस्त्यावरही बंधनकारक आहे, हा वाद अठराव्या शतकात इंग्लंडात जोराने चालला होता. विल्यम केरी हा मूळचा चांभार. त्याने १७९२ साली एक छोटे पुस्तक लिहून ही आज्ञा आजही बंधनकारक असल्याचे प्रतिपादिले, आणि तेवढ्यावर न थांबता पृथ्वीवरील देशांची लांबीरुंदी, लोकसंख्या व धर्म ह्यांचे तक्तेच्या तक्ते मांडले. व्यापारी जशी येण्याची बाकी काढतो तशी त्याने सुवार्ता न पोहोचलेल्या जगाची बाकी काढली. पुढल्याच वर्षी तो बंगाल्यात आला, आणि ह्याच केरीने १८०५ साली मराठी भाषेचे व्याकरण छापून काढले, हे येथे सांगितले पाहिजे. मिशनऱ्यांचे आमच्या भाषेवर ऋण आहे. अहमदनगरास १८४२ साली निघालेले ‘ज्ञानोदय’, पंडिता रमाबाईंचे केडगाव, रेव्हरंड टिळकांची कविता ही सर्व ज्या झाडाची फळे आहेत त्या झाडास केवळ कुऱ्हाड दाखविणे हा कृतघ्नपणा होय.

केरीची खातेवही देशवार होती. १९७४ साली लोझान येथे भरलेल्या परिषदेत राल्फ विंटर ह्या अमेरिकन अध्यापकाने ती वही फाडून नवी मांडली. देश मोजू नका, जनसमूह मोजा, असे त्याचे म्हणणे. एका देशात चर्च असले तरी त्याच देशातील ज्या समूहाची भाषा निराळी, रीत निराळी, त्यास शेजारच्या चर्चचा उपयोग नाही. म्हणून असे ‘अस्पृष्ट’ समूह शोधून काढून प्रत्येकाकडे माणूस गेला पाहिजे. तेव्हापासून अशा समूहांच्या याद्या तयार होऊ लागल्या. ह्या याद्यांत हिंदुस्थानचा वाटा मोठा आहे, आणि सेंटिनेली लोकांचे नाव त्यांत असणे क्रमप्राप्तच होते. ज्याची श्रद्धा अशी की हे नाव कानी न पडता मेलेला मनुष्य अनंत काळ बुडाला, त्यास ह्या यादीपुढे झोप कशी यावी? आम्ही त्या श्रद्धेचे नाही. तथापि बुडणाऱ्याकडे धाव घेणाऱ्याच्या बुद्धीस दुष्टबुद्धी म्हणण्यास आमची जीभ वळत नाही. प्रश्न बुद्धीचा नव्हेच. तो माणूस खरोखर बुडत आहे काय, आणि धावणाऱ्याच्या हाताने तो तरेल की मरेल, हा आहे. ह्याचे उत्तर देण्यास अंदमानात दीडशे वर्षांचा पुरावा पडला आहे.

१८६३ साली पोर्ट ब्लेअरचे पाद्री हेन्री कॉर्बिन ह्यांनी रॉस बेटावर ‘अंदमान होम’ काढले. मूळच्या ग्रेट अंदमानी लोकांस तेथे आणून अन्नवस्त्र द्यावे, इंग्रजी शिकवावे, कामाची सवय लावावी व सुधारावे हा हेतु. आलेल्यांस मनास येईल तेव्हा निघून जाण्याची मोकळीक मात्र नव्हती. ह्या संस्थेत ज्यांनी काम केले त्यांपैकी कित्येकांचा कळवळा खरा होता ह्याविषयी आम्हांस शंका नाही. परंतु कळवळ्याबरोबर उपदंश गेला, आणि १८७७ साली गोवर गेला. जंगलातील ज्या टोळ्यांनी गोऱ्याचे तोंडही पाहिले नव्हते त्यांच्यापर्यंत हे रोग त्यांच्याच भाऊबंदांनी नेले. १८५८ च्या सुमारास हे लोक काही हजार होते. १९०१ च्या खानेसुमारीत ६२५ भरले. १९६१ साली १९. अंकांत चूक नाही, वाचकांनी पुन्हा वाचून पाहावे. दहा टोळ्या, त्यांच्या निरनिराळ्या बोली, गाणी, दैवते, सगळे ह्या १९ माणसांवर येऊन ठेपले. त्यांपैकी ‘बो’ ही बोली बोलणारी शेवटची म्हातारी २०१० साली वारली. ओंगी नावाची दुसरी जमात १९०१ साली ६७२ होती, ती २०११ साली १०१ उरली.

खुद्द सेंटिनेलच्या लोकांसही एकदा ह्या कळवळ्याचा अनुभव आला आहे. १८८० साली मॉरिस पोर्टमन हा इंग्रज अंमलदार शिपाई घेऊन त्या बेटावर उतरला आणि एक वृद्ध जोडपे व चार मुले अशी सहा माणसे पकडून पोर्ट ब्लेअरला घेऊन आला. सगळी आजारी पडली. म्हातारा व म्हातारी मेली. मुलांस भेटवस्तू देऊन बेटावर परत सोडण्यात आले. ती आपल्याबरोबर भेटींशिवाय आणखी काय घेऊन गेली असतील हे देवास माहीत. हे आम्ही कोणा शत्रूच्या तोंडचे सांगत नाही. पोर्टमनने स्वतः १८९९ सालच्या आपल्या ग्रंथात हे लिहून ठेविले आहे. त्या चार मुलांनी घरी गेल्यावर बाहेरच्या जगाची जी हकीकत सांगितली असेल, ती पिढ्यान्‌पिढ्या टिकली असल्यास त्यात नवल काय? आम्ही त्या धनुष्यास रानटीपणा म्हणतो. तो अनुभवाचा निष्कर्षही असू शकेल.

आता दुसरे चित्र पाहा, कारण एकच बाजू मांडणे हे वकिलाचे काम असले तरी पत्रकर्त्याचे नव्हे. ह्याच समुद्रात दक्षिणेस निकोबार बेटे आहेत. मोरेव्हियन पंथाचे जर्मन मिशनरी १७६८ साली त्रांकेबारहून नानकौरी बेटावर जाऊन राहिले. तापाने एकामागून एक मेले. आणि १७८७ साली उरलेसुरले निघून आले. एकोणीस वर्षांच्या त्या हालांचे फळ म्हणण्यासारखे काही त्यांच्या पदरी पडले नाही. पुढे सुमारे शंभर वर्षांनी कार निकोबारला वेदप्पन सॉलोमन नावाचे तामिळ धर्मोपदेशक गेले. त्यांनी शाळा काढली, लोकांची भाषा शिकली, आणि काही मुलांस ब्रह्मदेशात शिकावयास धाडिले. त्यांतला एक मुलगा १९१२ साली शिक्षक होऊन आपल्या बेटावर परतला. तेच पुढे जॉन रिचर्डसन म्हणून प्रसिद्धीस आले. त्यांनी नव्या कराराचे निकोबारी भाषांतर केले. जपानी अंमलात, १९४२ ते १९४५ ह्या काळात, हेरगिरीच्या आरोपावरून कित्येक निकोबारी मारले गेले तेव्हा तेही कैदेत होते. १९५० साली ते बिशप झाले आणि १९५२ साली राष्ट्रपतींनी त्यांस पहिल्या लोकसभेत नेमले. आज निकोबारी समाज बहुतांशी ख्रिस्ती आहे, २७ हजारांच्या घरात आहे, आपली भाषा बोलतो आणि आपली एकत्र कुटुंबाची पद्धती पाळतो.

मग एकीकडे १९ आणि दुसरीकडे २७ हजार, हा भेद कशाने पडला? ख्रिस्ताच्या नावाने पडला नाही, कारण नाव दोहोंकडे तेच होते. निकोबारचे लोक नारळाच्या व्यापारामुळे शेकडो वर्षे मलायी, ब्रह्मी, चिनी व हिंदी गलबतांशी देवघेव करीत आले होते. बाहेरचे रोग त्यांच्या रक्तास अगदीच अनोळखी नव्हते. नाकारण्याचे सामर्थ्यही त्यांच्या ठायी होते. मोरेव्हियनांस त्यांनी एकोणीस वर्षे नाकारलेच. आणि शेवटी स्वीकार केला तो त्यांच्याच भाषेत बोलणाऱ्या, त्यांच्याच वाडीत जन्मलेल्या मनुष्याच्या तोंडून केला. ऐकणे, समजणे, नाही म्हणणे आणि मग हवे तर हो म्हणणे, ह्या चारही गोष्टी तेथे घडू शकल्या. ह्याला आम्ही धर्मांतर म्हणू. ते आम्हांस आवडो वा न आवडो, त्याच्या स्वातंत्र्याविरुद्ध आम्हांस बोलण्याचा अधिकार नाही.

सेंटिनेलवर ह्या चारांतील पहिलीच गोष्ट अशक्य आहे. त्या लोकांची भाषा जगातील दुसऱ्या कोणासही येत नाही. सोबत नेलेल्या ओंगी माणसांसही ती कळली नाही. चाऊने वाळूवर उभे राहून जे म्हटले ते त्यांच्या कानी केवळ नाद म्हणून गेले. जी सुवार्ता वार्ताच होऊ शकत नाही तिचा ‘अधिकार’ कोठून उत्पन्न होणार? त्याच्या स्नेह्यांचे असे सांगणे आहे की त्याने निघण्यापूर्वी लसी टोचून घेतल्या होत्या व काही दिवस एकांतवासही केला होता. ही काळजी त्याच्या सद्धेतूची साक्ष देते, पण बचाव म्हणून अपुरी पडते. लस टोचून घेणाऱ्यास राखते; निरोगी दिसणारा मनुष्य स्वतःस ठाऊकही नसलेले जंतू घशात बाळगीत नसेल असे कोणता वैद्य हमीपत्र लिहून देईल? आणि ह्या पैजेत डावावर लावलेले प्राण त्याचे एकट्याचे नव्हते. २०११ च्या खानेसुमारीत त्या बेटावर दुरून १५ माणसे मोजली गेली. खरी संख्या त्याहून अधिक असेल, पण ती दहा पिढ्यांच्या गोवरास पुरेल इतकी खास नाही.

कायद्याची बाजू आमच्या मते अगदी स्वच्छ आहे. ती विनाकारण गढूळ केली जाते. चाऊचे प्रकरण निघताच १९७७ च्या रेव्हरंड स्टॅनिस्लॉस निवाड्याचा हवाला दिला जाऊ लागला. प्रचाराच्या अधिकारात दुसऱ्यास धर्मांतरित करण्याचा अधिकार येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने त्यात म्हटले आहे हे खरे. परंतु तो खटला बळ, कपट व लालूच ह्यांविषयी मध्यप्रदेश व ओरिसा येथे झालेल्या कायद्यांचा होता. सेंटिनेलसाठी इतक्या दूर जाण्याचे कारणच नाही. राज्यघटनेच्या २५ व्या कलमातील धर्मस्वातंत्र्य हे प्रथमपासूनच सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य ह्यांच्या अधीन आहे. ह्यातील ‘आरोग्य’ हा शब्द वकीलमंडळी बहुधा वाचतच नाहीत. ह्या बेटापुरता तोच शब्द सर्व कलमाचा प्राण आहे. शिवाय १९ व्या कलमात देशभर फिरण्याचा जो हक्क नागरिकांस दिला आहे, तोही अनुसूचित जमातींच्या हितरक्षणासाठी मर्यादित करता येतो असे तेथेच लिहिले आहे. ह्या पायावर १९५६ चा अंदमान-निकोबार आदिम जमाती संरक्षण विनियम उभा आहे, आणि २०१२ साली त्यातील शिक्षा कडक करण्यात आल्या. हा निर्बंध पाद्र्यास आहे तसाच व्यापाऱ्यास, प्रवाशास, छायाचित्रकारास आणि आमच्यासारख्या पत्रकर्त्यासही आहे. म्हणूनच तो न्याय्य आहे. ज्या दिवशी तो केवळ एका धर्माच्या उपदेशकाविरुद्ध वापरला जाईल त्या दिवशी त्याची नैतिक बाजू गेली.

एक आक्षेप मात्र आम्हांस खरोखर विचारार्ह वाटतो. हे लोक काय काचेच्या पेटीत ठेवावयाचे आहेत? औषध, विद्या, न्यायालय, मतदान ह्या सर्वांपासून त्यांस दूर ठेवणे ही सुधारकांस शोभणारी गोष्ट आहे काय? आम्ही आयुष्यभर अस्पृश्यांच्या व स्त्रियांच्या शिक्षणाच्या बाजूने लेखणी झिजविली. आम्हांस हा प्रश्न टाळता येत नाही. उत्तर असे की, जेथे बंद दार आम्ही लाविले होते तेथे ते उघडण्याचे कर्तव्य आमचे होते. हे दार त्यांनी आतून लाविले आहे. १९९१ सालच्या जानेवारीत सरकारी पथकाने, ज्यात मधुमाला चट्टोपाध्याय ह्या मानववंशशास्त्रज्ञ बाई होत्या, नारळ नेले तेव्हा त्यांनी पाण्यात उतरून ते हातोहात घेतले. नारळ हवे होते. माणसे नको होती. पुढे त्या भेटी सरकारने थांबविल्या, आणि तो सरकारच्या हातून घडलेल्या थोड्या शहाणपणांपैकी एक होय. २००४ च्या समुद्रकोपानंतर ते जगले आहेत की काय हे पाहण्यास गेलेल्या हेलिकॉप्टरवर त्यांच्यातील एकाने धनुष्य रोखले. ह्याहून स्पष्ट जबाब कोणत्या साक्षीदाराने द्यावयाचा?

परंतु आमचा खरा राग चाऊवर नाही. तो गेला, आणि आपल्या श्रद्धेची किंमत त्याने स्वतःच भरली. ज्या मिसुरी प्रांतातील संस्थेने त्यास शिकवून तयार केले तिला काहीच भरावे लागले नाही. कोठडीत गेले ते किनाऱ्यावरील कोळी व त्यांचे साथीदार. आणि त्याच २०१८ च्या ऑगस्टात परदेशी प्रवाशांसाठी लागणारा जो निर्बंधित क्षेत्राचा परवाना २९ बेटांवरून उठविण्यात आला त्यांत उत्तर सेंटिनेलचेही नाव होते! दुसरे कायदे शिल्लक होते हा खुलासा मागून झाला. पण यात्रेकरूंचा धंदा वाढावा ह्या उत्साहात ज्या बेटावर पाऊलही ठेवू नये तेही यादीत घातले गेले, ह्याचा अर्थ आमच्या वाचकांतील व्यापारी बंधूंनी आपल्या मनाशी लावावा. जारवा जमातीच्या रानातून जाणारा हमरस्ता बंद करावा असा हुकूम सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली दिला. रस्ता चालूच राहिला. २०१२ साली जारवा स्त्रियांस प्रवाशांपुढे नाचविल्याची चित्रफीत विलायतेतील पत्रांतून बाहेर आली तेव्हा आमची मान खाली गेली. त्या गाड्यांत बसून बिस्किटे फेकणारे पाद्री नव्हते. ते तुमच्याआमच्यासारखे सुट्टीवर गेलेले, घरी देवपूजा करणारे गृहस्थ होते. ग्रेट निकोबारात बंदर, विमानतळ व नगर उभारण्याच्या प्रचंड योजनेस २०२२ साली सरकारी मंजुरी मिळाली. तेथील रानात शोंपेन लोक राहतात, २०११ साली २२९ मोजले गेलेले. त्यांच्यापैकी किती जणांस ह्या योजनेची भाषा समजली, हे विचारणाऱ्यास देशद्रोही म्हणण्याची हल्ली रीत पडली आहे. ज्यांना चाऊने परवानगीवाचून बेटावर पाऊल ठेविल्याचा संताप आला त्यांनी हा संताप थोडा शिलकीत ठेवावा.

सरकारने करावयाचे ते फार नाही, पण ते रोजचे व कंटाळवाणे आहे. बेटाभोवतीच्या पाच किलोमीटरांच्या पाण्यात गस्त खरोखर घातली जावी. चोरून मासेमारी करणाऱ्या नावांस तेथपर्यंत मोकळीक असेल तर धर्मोपदेशकासही आहेच. आसपासच्या कोळ्यांस व सर्व सरकारी नोकरांस गोवरादि रोगांच्या लसी वेळेवर टोचल्या जाव्यात, कारण जारवांत १९९९ साली गोवर शिरला तो जंगलाबाहेरूनच शिरला. परदेशातून अशा मोहिमा तयार करणाऱ्या संस्थांची नावे व्हिसा देणाऱ्या कचेऱ्यांस ठाऊक असावीत, आणि शिक्षा केवळ वल्हे मारणाऱ्यास न होता ज्याने वल्ह्याचे पैसे मोजले त्यासही व्हावी. मिशनमंडळींतही चाऊच्या मार्गास चुकीचा म्हणणारे पुष्कळ निघाले. त्यांनी आपल्या याद्यांतून हे एक नाव उघडपणे काढून टाकावे.

२०२५ सालच्या मार्चअखेरीस आणखी एक अमेरिकन तरुण रबरी नावेतून त्याच बेटावर उतरला. त्याच्याजवळ बायबल नव्हते. तो शिट्टी वाजवून थांबला, कोणी आले नाही, तेव्हा वाळूवर एक नारळ व गोड पेयाचा एक पत्र्याचा डबा ठेवून, त्याचे चित्र घेऊन तो परत फिरला, आणि मग पकडला गेला. त्या डब्यास कोणाकोणाचे हात लागले होते ह्याची चौकशी कोणत्याही न्यायालयात होणार नाही.